उन्हाळ्याचा दिवस कसा मांडावा

महाराष्ट्रात उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत मुक्काम करतो. या तीन-साडेतीन महिन्यांत दिवस मोठा असतो, पण वापरता येण्याजोगा दिवस उलट लहान होतो. उजाडल्यापासून नऊ-दहापर्यंतचे तास आणि ऊन कलल्यानंतरचे तास, एवढेच काय ते हिंडण्या-फिरण्याचे. मधले सहा-सात तास सावलीत काढावे लागतात. वर्षभराचे ठरीव वेळापत्रक तसेच्या तसे या दिवसांवर लादले की माणूस थकतो, चिडतो आणि दोष उन्हाला देतो. दिवसाची दोन टोके पक्की धरायची आणि मध्य सैल सोडायचा, ही उन्हाळ्याची जुनी रीत आहे. शेतात, जंगलात आणि स्वयंपाकघरात ती फार पूर्वीपासून चालत आली. घड्याळावर चालणाऱ्या शहरांत ती विसरली गेली, एवढेच.

ही मांडणी करताना पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती अशी, की राज्यभर घड्याळ एक असले तरी सूर्य एका वेळी येत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई त्या रेषेच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, तर नागपूर साडेतीन अंशांच्या आत. त्यामुळे मेच्या मध्यावर नागपुरात साधारण ५.३५ला सूर्य उगवतो, तेव्हा मुंबईत तो उगवायला अजून अर्धा तास असतो. खरा मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वात उंच असण्याचा क्षण, नागपुरात १२.१०च्या आसपास येतो आणि मुंबईत १२.३५च्या. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि प्रत्येक गावाला एक शून्य सावलीचा दिवस देऊन जातो: कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास, पुण्यात १३, मुंबईत १५ आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच जिरते. मुलांना अंगणात काठी रोवून हे दाखवायला काहीच खर्च नाही. पंधरा मिनिटे उन्हात उभे राहण्याची तयारी आणि डोक्यावर टोपी पुरते.

मध्यान्हाला ऊन सर्वात प्रखर असले तरी हवा सर्वात जास्त तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. जमीन आधी तापते आणि मग ती हवेला तापवत राहते, म्हणून दिवसाचे कमाल तापमान बहुधा अडीच ते चारच्या दरम्यान नोंदले जाते. बारा ते तीन बाहेर पडू नका, असा सरकारी सल्ला दरवर्षी दिला जातो. विदर्भ-खानदेशाच्या दृष्टीने तो अपुराच आहे. अकोला, जळगाव, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत साडेचारची हवा दोनच्या हवेपेक्षा फारशी वेगळी नसते.

दुसरा फरक कोरड्या आणि दमट उन्हाळ्याचा. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअसला पोचले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक चढले, तर उष्णतेची लाट धरतात. पारा थेट ४५वर गेला तर सरासरी बघण्याचीही गरज उरत नाही. किनारपट्टीसाठी मात्र ४०ऐवजी ३७ अंशांपासूनच विचार होतो. शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतही नाही, म्हणून तिथला धोका पाणी कमी पडण्याचा. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे घाम अंगावरच राहतो. पाणी जाते आणि गारवा मात्र मिळत नाही. वाळ्याच्या ताट्या किंवा गवताचे पॅड लावलेला कूलर विदर्भात खोली गार करून टाकतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीची न्हाणी करतो, याचेही कारण हेच. पंख्यालाही मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वारा मारत राहतो. अशा वेळी ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणे जास्त उपयोगी.

घरांची वागणूकही त्यानुसार वेगळी असते. देशावर आणि विदर्भात सकाळी नऊच्या आत खिडक्या-दारे लावून पडदे सोडायचे आणि बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गार झाली की सगळे उघडायचे, असा क्रम असतो. कोकणात उलट, वारा अडला की जीव घाबरा होतो, म्हणून दारे सताड उघडी आणि दुपारचा मुक्काम ओटीवर किंवा पडवीत. सोलापूर-मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत मातीचे जाड छत दिवसभर ऊन अडवून धरते. सिमेंटच्या स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा दिवस यामुळेच लांबतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर आतल्या खोलीत फरक जाणवतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची पद्धत पाणी मुबलक असेल तिथेच ठीक.

आता दिवसाचे पहिले टोक. उन्हाळी सकाळ किती लवकर सुरू होऊ शकते हे पाहायचे असेल तर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून ती वेचायला घरची माणसे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. ऊन चढेपर्यंत झाडाखालची जमीन रिकामी झालेली असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पाने तोडायला पहाटे जायचे, दहा-अकराच्या आत भारे घेऊन परतायचे, मग घराच्या सावलीत बसून साऱ्या कुटुंबाने सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. श्रम प्रचंड आहेत, पण दिवसाची विभागणी बघण्यासारखी आहे. चालण्याचे काम पहाटे, बैठे काम दुपारी, देण्याघेण्याचे संध्याकाळी. उन्हाळी दिनक्रमाचे याहून चांगले उदाहरण एखाद्या आरोग्यपुस्तिकेत सापडणार नाही.

शहरी घरातही हाच क्रम बसतो. फिरणे, व्यायाम, बाजार, झाडांना पाणी, हे सगळे नऊच्या आत उरकता येईल तितके उरकावे. स्वयंपाकाचेही तसेच. गॅसजवळ दुपारी बाराला उभे राहण्यात काही शहाणपण नाही. वरण-भात, भाजी सकाळीच करून ठेवावी आणि दुपारचे जेवण हलके असावे. मात्र उन्हाळ्यात शिजवलेले अन्न लवकर आंबते, म्हणून सकाळचे दुपारी संपेल इतकेच करायचे. रात्रीला ताजी खिचडी किंवा पिठले पुरे. शाळांनी हे केव्हाच ओळखले होते. मार्चपासून सकाळची शाळा भरवण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे, आणि वर्षातले ते काही आठवडे मुले दुपारी घरी असतात ही तिची मोठीच गंमत.

सकाळच्या कामांत वाळवणाइतके उन्हाशी जुळलेले दुसरे काम नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाटून, गाळून सत्त्व रात्रभर बसू द्यायचे. पहाटे वरचे पाणी काढून टाकून चीक शिजवायचा. तो घट्ट होत जातो तसा हाटायला दोन माणसांचे हात लागतात. गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवरच्या कापडावर किंवा प्लॅस्टिकवर कुरडया घालायच्या, त्या सूर्य वर येण्याच्या सुमाराला संपल्या पाहिजेत, म्हणजे दिवसभराचे पूर्ण ऊन त्यांना मिळते. घालणाऱ्या बायका आठच्या आत खाली उतरतात. चिकाची वाटी मिळवायला मुले न उठवता उठतात, ही यातली खरी युक्ती. कावळ्या-चिमण्यांपासून राखण करण्याचे कामही त्यांच्याचकडे, पण ते जिन्याच्या सावलीत बसून. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, खानदेशातल्या ज्वारीच्या बिबड्या, सगळ्यांचे वेळापत्रक थोड्याफार फरकाने हेच. उडदाच्या पापडांचे मात्र वेगळे आहे. ते दुपारचे काम. शेजारच्या चार-पाच जणी पोळपाट-लाटणी घेऊन एका घरात जमतात, पीठ कुटले जाते, लाट्या तेलात बुडवून मुलांच्या हातावर ठेवल्या जातात आणि पापड घरातच कापडावर सुकत पडतात. कडक उन्हात ते तडकतात, त्यामुळे बाहेर जायची गरजच पडत नाही. बचत गटांनी आणि तयार पापडांच्या पाकिटांनी हे काम बऱ्याच घरांतून हलवले. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण दुपारी शेजारपाजार एकत्र बसण्याचे एक निमित्त त्याबरोबर गेले, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून काढणे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

दुपार ही उन्हाळी दिवसाची सगळ्यात बदनाम वेळ. आळसाची म्हणून तिला नावे ठेवली जातात. आयुर्वेदाने मात्र दिवसा झोपण्याची मोकळीक देताना एकच ऋतू निवडला आहे, तो ग्रीष्म. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना गोड, थंड, पातळ आहार, व्यायाम कमी आणि दुपारी गार घरात झोप, असा ग्रीष्माचा क्रम दिला आहे; इतर ऋतूंत दिवसाची झोप वर्ज्य मानली आहे. कारण सरळ आहे. रात्र लहान, त्यातही पहिला प्रहर उकाड्यात जातो, आणि पहाट लवकर होते. रात्री कमी पडलेली झोप दुपारी थोडीशी भरून काढणे हा हिशेब आहे. वीस मिनिटांपासून फार तर तासभर. दोन-अडीच तास गाढ झोपले की अंग जड होते आणि रात्रीची झोप आणखी पुढे सरकते. पुण्यातल्या दुकानांच्या १ ते ४ सुटीवर महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या विनोद केले. मे महिन्यात चाळीस अंशांत दुपारी दोनला साडीखरेदीला निघालेल्या गिऱ्हाइकापेक्षा शटर ओढून वामकुक्षी घेणारा दुकानदार शहाणा होता, हे मान्य करायला आता हरकत नसावी.

झोप सोडून उरलेली दुपार सैल असावी. वेळापत्रक लावायचे नाही ते इथेच. पत्त्यांत बदामसात, झब्बू, मुंगूस आणि लॅडीस, कॅरम, अष्टचंग किंवा नवा व्यापार, मुलींचे सागरगोटे आणि काचापाणी, असे बैठे खेळ महाराष्ट्रातल्या दुपारींनी मोठे केले. या खेळांचा एक गुण असा की त्यांत आजी आणि नातू एकाच डावात बसू शकतात. वाचनासाठी तर ही वेळ हक्काची. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पडद्यावर मूल डोळे लावणारच असेल तर निदान असे काही समोर असावे. थोडा कंटाळाही येऊ द्यावा. मूल ‘काय करू’ म्हणत आले की लगेच मोबाइल देण्याची घाई केली नाही, तर अर्ध्या तासात ते खोके, दोरी, जुनी वही असे काहीतरी शोधून कामाला लागलेले असते. मे महिन्याच्या शिबिरांबद्दलही हेच म्हणता येईल. पोहणे, चित्रकला, गिर्यारोहण यांचे एखादे शिबिर चांगलेच. पण सकाळी अबॅकस, दुपारी रोबोटिक्स, संध्याकाळी स्केटिंग असा महिना लावला तर ती शाळाच झाली, फक्त गणवेश नसलेली.

खाण्यापिण्याचा क्रमही दिवसाबरोबर बदलतो. तहान लागेपर्यंत वाट पाहू नये, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. बाहेर जाताना पन्हे किंवा पाणी पिऊन निघावे, परत आल्यावर माठातले पाणी घोटघोट घ्यावे. माठातले पाणी गार होते ते सच्छिद्र मातीतून पाझरून बाहेरच्या बाजूला वाळत राहिल्यामुळे. म्हणून कोरड्या हवेत माठ जास्त गार करतो आणि पावसाळी हवेत जवळजवळ काम थांबवतो. माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला वास येतो. पन्हे, ताक, कोकम सरबत, उसाचा रस, विदर्भात बेलाचे सरबत, ज्वारी-नाचणीची आंबील, ही यादी सर्वांना पाठ आहे. तिच्यातला सामाईक धागा मिठाचा आणि साखरेचा. घामातून नुसते पाणी जात नाही, क्षारही जातात, म्हणून चिमूटभर मीठ घातलेले पन्हे किंवा ताक साध्या पाण्यापेक्षा लवकर तरतरी आणते. गोड शीतपेयांनी तेवढ्यापुरते गार वाटते, पण त्यांत मीठ नसल्यागत आणि साखर भरपूर. उलट्या-जुलाब झाले तर घरच्या घरी जलसंजीवनी करता येते: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे देण्याची चाल म्हणजे सणाच्या निमित्ताने झालेली उन्हाळ्याची बेगमीच. आमरसाच्या जेवणानंतर मात्र कोणतेही काम ठरवू नये. ते होत नाही.

सूर्य कलला की दिवसाचे दुसरे टोक सुरू होते, आणि खरी मजा तिथे असते. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य सातनंतर मावळतो, म्हणजे साडेपाचपासून दीड तास खेळाला मिळतो. लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या यांना हीच वेळ. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसातून सरासरी तासभर चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात तो तास सकाळ-संध्याकाळ वाटून घेता येतो. पोहणे हा या दोन्ही टोकांचा खेळ. गावाकडे पाठीला पत्र्याचा बंद डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत उतरवण्याची पद्धत होती. आज हवेच्या ट्यूब आणि तलाव आले, पण नियम बदललेला नाही: पोहता येणारे मोठे माणूस काठावर नव्हे, पाण्यात असले पाहिजे. अनोळखी नदी-खाणीत उन्हाळ्यात दरवर्षी मुले बुडतात. मजेच्या वेळापत्रकात हा एक नियम कडक असावा.

मोठ्यांच्या संध्याकाळीही याच ऋतूत भरतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माणसे मोकळी असतात हे हेरूनच चालली असावी. एप्रिल-मेमध्ये ती अजूनही भरते. गावोगावच्या जत्रा आणि कुस्त्यांचे फड चैत्र-वैशाखात येतात, कारण रब्बीचे पीक घरात आलेले असते आणि पेरणीला अवकाश असतो. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात आणि गाणी रंगतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत या सणाला जागा मिळाली आहे. शेतकऱ्याच्या वर्षातला हा सैल काळ. त्याचा सण झोक्याचा असणे अगदी साजेसे.

रात्रीचे जेवण लवकर आणि झोप गच्चीवर किंवा अंगणात, ही देशावरची चाल फ्लॅटमध्ये टिकली नाही. जिथे गच्ची वापरता येते तिथे ती पुन्हा सुरू करण्यासारखी आहे. मे महिन्यात रात्री साडेआठ-नऊला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की तांबूस स्वाती लागते, आणि त्याच वळणाने आणखी खाली गेले की पांढरी चित्रा. शेपटीच्या मधल्या ताऱ्याकडे, वसिष्ठाकडे, नीट पाहिले तर त्याला चिकटून अंधुक अरुंधती दिसते. दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर त्रिशंकूचे चार तारे महाराष्ट्रातूनही दिसतात. दहानंतर आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असतो, ज्येष्ठेच्या लाल ताऱ्यासकट. डासांसाठी मच्छरदाणी तेवढी हवी. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात काजवे फुलतात. त्यांच्यासाठी तिकडे गर्दी लोटते, आणि गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या यांनी ज्यांना पाहायला जायचे त्यांनाच घालवून देण्याची वेळ आली आहे. अंधारात गुपचूप बसायची तयारी नसेल तर जाऊ नये.

या साऱ्यात पक्के काय ठेवायचे? फार थोडे. उठण्याची वेळ, जेवणाच्या वेळा आणि रात्री आडवे होण्याची वेळ. सहा ते बारा वयाच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, किशोरांना आठ ते दहा. सुटीत सगळ्यात आधी बिघडते ती ही झोप. मुले रात्री एकला झोपून सकाळी दहाला उठू लागली, की दिवसातला एकमेव गार भाग झोपेत जातो आणि उरते ते फक्त ऊन. मग दिवसभर मोबाइलखेरीज दुसरे काही सुचत नाही यात नवल नाही. मुलांकडे घरातले एखादे खरे काम सोपवणेही उपयोगी पडते: माठ भरणे, पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवणे, कुंड्यांना पाणी घालणे. घरातून काम करणाऱ्यांना डोके लावायचे काम सकाळी सात ते अकरा आणि फोन-बैठका दुपारी, असा पालट करता येतो. कार्यालयाने परवानगी दिली तर एक तास आधी जाऊन एक तास आधी सुटणे त्याहून बरे.

परवानगी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण सैल दुपार सर्वांच्या वाट्याला येत नाही. बांधकामावरचे मजूर, रस्त्यावरचे विक्रेते, दुचाकीवरून घरपोच माल देणारे तरुण, वाहतूक पोलीस यांचा दिवस दुसरे लोक मांडतात. शरीर नव्या उन्हाला रुळायला एक ते दोन आठवडे घेते; म्हणून कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देणे धोक्याचे. अहमदाबादेत मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेने शेकडो बळी घेतल्यानंतर २०१३मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यानंतर नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. त्यांतला सर्वात स्वस्त उपाय म्हणजे कामाच्या वेळा बदलणे, आणि तोच सर्वात कमी पाळला जातो. पाण्याचेही तसे. जिथे नळ आठवड्यातून एकदा येतो किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे घराचे वेळापत्रक पाणी ठरवते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा गावांत घागरी भरण्यासाठी बाईची पहाट आणि मुलाची दुपार जाते, आणि सुटीच्या आनंदाची चर्चा तिथे वेगळीच ऐकू येते.

उष्माघाताची ओळख घरातल्या प्रत्येकाला असावी. खूप घाम, पायात गोळे, चक्कर, मळमळ ही आधीची लक्षणे. त्या वेळी सावली, मीठ-साखरेचे पाणी आणि विश्रांती यांनी बहुधा निभावते. अंग भट्टीसारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये आणि १०८ला फोन करावा. बंद मोटारीत मूल क्षणभरसुद्धा ठेवू नये.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. विदर्भात तिथून पुढच्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात आणि लोक शक्यतो प्रवास टाळतात. कोकणात मात्र याच सुमारास धावपळ सुरू होते. आमसुले स्वतःच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवायची, आगळ भरून ठेवायचा, आंबापोळी-फणसपोळी उन्हातून काढायची, सुकी मासळी आणि सरपण आत घ्यायचे, घर शाकारायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सुक्या मासळीची खरेदी मेमध्येच होते. गोव्यात या पावसाळी बेगमीला पुरुमेंत म्हणतात आणि तिच्यासाठी म्हापसा-मडगावला बाजार भरतात. सैल उन्हाळ्याचा शेवट असा गडबडीत होतो.

शाळा सुरू होण्याआधी एक आठवडाभर झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे ओढली, तर पहिल्या दिवशी रडारड होत नाही. पाऊस साधारण ११ जूनला मुंबईत पोचतो आणि मध्य जूनला बहुतेक महाराष्ट्रात शाळांची घंटा वाजते. विदर्भात तोवर ऊन ओसरलेले नसते. तिथल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात.